भद्रायनीय

भद्रायनीय : प्राचीन भारतातील एक बौद्ध भिक्षुपंथ. भद्रयानीय व भद्रयानिक अशीही त्याची नावे आढळतात. प्राकृत कोरीव लेखांत ‘भदायनीय’ व ‘भदावनीय’ अशी रूपे येतात. बौद्ध परंपरेनुसार वात्सीपुत्रीय (वज्जिपुत्तक) पंथातून धर्मोत्तरीय, भद्रायनीय, षण्णगरिक व संमितीय हे चार पंथ निर्माण झाले. निश्चितपणे भद्रायनीयांचा म्हणता येईल असा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंपरेतील पंथांच्या याद्या सोडल्यास महाराष्ट्रातील त्यांच्या वास्तव्याची माहिती नासिक व कान्हेरी येथील मोजक्या लेखांवरच आधारलेली आहे.

लेखांतील एखाद्या नावाच्या आधारे एखाद्या समूहाचा माग काढण्याची पद्धत जगात इतरत्रही रूढ आहे. रोमन साम्राज्यातील साहाय्यक सैन्यदळे आपल्या नावाचे शिक्के विटांवर व कौलांवर उमटवीत आणि ठाण्याजवळ वेदी उभारून त्यांवर लेख कोरीत. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरील बर्डोस्वल्ड येथे डेशियन (आजच्या रुमानियातील) दळाची छावणी होती, हे अशा वेदींवरून कळते. मात्र शिक्का असलेली वीट एका इमारतीतून काढून दुसरीकडे वापरता येते. कातळातील लेख जागचा हलत नाही. त्यामुळे तो ज्या लेण्यात आहे, त्या लेण्यासंबंधीचा पुरावा म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

नासिकचे लेख : नासिकजवळील त्रिरश्मी डोंगरावरील लेणे क्र. ३ हे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची माता गौतमी बलश्री हिने भद्रायनीय भिक्षुसंघास दिले. ही नोंद तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातील (इ. स. दुसरे शतक) लेखात आहे. लेण्याच्या निर्वाहासाठी गावाचे उत्पन्नही लावून देण्यात आले. पुळुमावीच्या २२ व्या राज्यवर्षातील आज्ञेने पूर्वी दिलेल्या सुदसन गावाऐवजी सामलिपद हे गाव याच भिक्षूंना देण्यात आले. ही आज्ञा गोवर्धन येथील अमात्यास उद्देशून आहे. त्यावरून पंथाची मालमत्ता राजदप्तरात नोंदली जात होती, हे स्पष्ट होते.

कान्हेरीचे लेख : मुंबई उपनगर जिल्ह्यात बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. लेखांत या डोंगरास ‘कण्हसेल’ (कृष्णशैल) म्हटले आहे. येथील चैत्यगृह (लेणे क्र. ३) गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविले व ते भद्रायनीय आचार्यांच्या स्वाधीन केले. लेखाचा काही भाग झिजलेला आहे. त्यात यज्ञश्री सातकर्णीचे नाव असावे असे मानतात, म्हणून हे काम दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचे ठरते. कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंबरोबर ‘सेलवढकी’ म्हणजे पाथरवट व इतर कारागीर यांचाही लेखात उल्लेख आहे. कान्हेरीच्या आणखी एका लेखातही भद्रायनीयांचे नाव आले आहे.

नासिक सह्याद्रीच्या माथ्यावर व कान्हेरी समुद्रकिनाऱ्यालगत. घाटातून उतरून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाने हे दोन प्रदेश जोडलेले होते. नासिकला या पंथाला राजघराण्याचा आश्रय होता, तर कान्हेरीला व्यापाऱ्यांचा. यावरून भिक्षू कोणत्या दिशेने गेले हे सांगता येत नाही. मात्र एकाच शतकात या मार्गाच्या दोन्ही टोकांना त्यांचे आचार्य प्रतिष्ठित होते, इतके निश्चित म्हणता येते.

दाते व दाने : कान्हेरीचे दाते कल्याण, सोपारा, चेमुल (चौल) इ. ठिकाणचे होते. त्यांत व्यापारी, सोनार, उपासक व भिक्षुणी आढळतात. कल्याणचा सोनार सामिदत्त याने पाण्याचे टाके (पोढी) दिले. यज्ञश्री सातकर्णीच्या १६ व्या राज्यवर्षात कल्याणच्या अपरेणु या व्यापाऱ्याने लेणे करविले. त्याने २०० कार्षापणांची अक्षयनीवी (मुद्दल कायम राखून व्याजावर चालणारी ठेव) ठेवली आणि मंगलठाण गावातील शेत दिले. भिक्षूंच्या वस्त्रांची सोय हा या दानाचा एक हेतू होता. मंगलठाण म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे होय. आजच्या दाट वस्तीच्या या उपनगराचे नाव अठराशे वर्षांपूर्वीच्या दानलेखात असे टिकून आहे. कल्याण येथील अंबालिकाविहार व प्रतिष्ठान (पैठण) येथील विहार यांचेही उल्लेख कान्हेरीच्या लेखांत आहेत. त्यावरून या डोंगराचा संबंध किती दूरवर पोहोचला होता, हे दिसते.

पुराव्याच्या मर्यादा : या लेखांवरून कान्हेरी हे सर्वस्वी भद्रायनीयांचे केंद्र होते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बहुतेक दाने ‘चातुद्दिस’ म्हणजे चारही दिशांच्या भिक्षुसंघास दिलेली असून त्यांत पंथाचा निर्देश नाही. शिवाय एका लेखानुसार धेनुकाकट येथील उपासकाच्या सर्पा नावाच्या प्रव्रजित कन्येने अपरशैल पंथाच्या आचार्यांना लेणे दिले. म्हणजे एकाच डोंगरावर किमान दोन पंथांचे भिक्षू राहत असत. याउलट कार्ले येथील लेखांत महासांघिकांचे व जुन्नरला धर्मोत्तरीयांचे नाव येते. पंथाचे नाव मुख्यतः लेणे, गाव वा शेत यांची मालकी कोणाकडे जावी हे ठरविताना घातलेले दिसते. ते हक्काचे निदर्शक आहे, तत्त्वज्ञानाचे नाही. भद्रायनीयांची मते कोणती होती, यावर हे लेख काहीच प्रकाश टाकीत नाहीत.

नंतरचा काळ : कान्हेरीचा विहार पुढेही अनेक शतके नांदत होता. जेम्स बर्ड यास १८३९ मध्ये येथील स्तूपाच्या उत्खननात त्रैकूटक संवत् २४५ (इ. स. ४९३–९४) चा ताम्रपट सापडला. सिंधू देशातील बुद्धरुची याने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारल्याची नोंद त्यात आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष व त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळातील लेखांतही या विहारास दिलेल्या देणग्यांची माहिती मिळते. या काळात कान्हेरीला बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या अनेक मूर्ती कोरल्या गेल्या. चैत्यगृहाच्या ओसरीतील दोन भव्य बुद्धमूर्तीही मूळ कामानंतरच्या आहेत. या उत्तरकालीन लेखांत भद्रायनीयांचे नाव मात्र आढळत नाही. पंथ लोपला की ‘महाविहार’ या व्यापक नावाखाली विलीन झाला, हे लेखांच्या मौनावरून ठरविता येत नाही.

संशोधन : कान्हेरीच्या लेखांच्या नकला व वाचने एकोणिसाव्या शतकात ई. डब्ल्यू. वेस्ट, भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, जेम्स बर्जेस व गेओर्ख ब्यूलर यांनी प्रसिद्ध केली. शोभना गोखले यांनी या लेखांचा समग्र अभ्यास १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील ठसे व नकला झीज झालेल्या अक्षरांच्या वाचनास आजही उपयोगी पडतात. ज्या पंथाचे अस्तित्व एका शब्दावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत प्रत्येक अक्षराचे जतन महत्त्वाचे ठरते.