कुत्रा-मांजर असेल तर खोली मिळत नाही? कायदा काय सांगतो ते समजून घ्या

जव्हार-मोखाड्यात कुत्रा पाळायला कोणाची परवानगी लागत नाही. तो अंगणात वाढतो, रात्री पाड्याची राखण करतो, माणसांमागे रानात जातो. पण मुलं नोकरीसाठी पालघर, विरार, नाशिकला गेली आणि मागून आईवडीलही निघाले, की प्रश्न पडतो: या मुक्या जनावराचं काय?

शहरात खोली बघायला गेलं की एजंट आधी आडनाव विचारतो, मग खाणंपिणं, मग "कुत्रा-मांजर नाही ना?" १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात जागा मिळाली नव्हती. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. म्हणून दोन नकारांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा नाकारणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा आहे. प्राण्यावरून दिलेल्या नकारावर मात्र बोलणी करता येतात. "कुत्रा चालणार नाही" हे केवळ निमित्त आहे का, तेही तपासा.

सोसायटीचा अधिकार किती?

भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. कुत्रा मोठा आहे किंवा भुंकतो म्हणून त्याला काढायला लावता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, तिचे जादा पैसेही घेता येत नाहीत. प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार आपलं मूलभूत कर्तव्य आहे.

घरमालकाचं काय?

इथेच अनेकांची फसगत होते. वरच्या सूचना सोसायटीसाठी आहेत. घरमालक करारात "प्राणी पाळू नये" अशी अट घालू शकतो आणि सही केली की ती आपल्यावर बंधनकारक ठरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तरीही तोंडी "चालेल" यावर विसंबू नका.

काय करावं?

१. प्राणी आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. लपवलं तर पुढे खोली आणि डिपॉझिट दोन्हींवरून वाद होतो.
२. गाव सोडण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस द्या, कार्ड जवळ ठेवा. शहरात पालिकेचा परवाना लागतो का, ते विचारा.
३. करारात लिहून घ्या: "भाडेकरूसोबत एक कुत्रा राहील, त्याने केलेलं नुकसान भाडेकरू भरून देईल."
४. जिन्यात पट्टा बांधा, घाण स्वतः उचला.
५. गावठाणातल्या, चाळीतल्या तळमजल्याच्या खोल्या आधी बघा. अंगणात वाढलेल्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावर कोंडण्यापेक्षा, रोज खायला घालेल अशा नातेवाइकाकडे ठेवणं बरं.

पण त्याला तसंच सोडून जाऊ नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड फक्त ५० रुपयांपर्यंत. पण पहिलं शील आपण दंडाच्या भीतीने पाळत नाही.

जयभीम!