शेवटचा घास आणि सुदर्शनाची बिदागी

वजन कमी करायचे म्हटले की आपल्या घरांत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक सोमवारी सुरुवात करून गुरुवारी सोडून देणारी. दुसरी, डॉक्टरांनी दरडावल्यावर आठवडाभर काकडी-टोमॅटोवर राहणारी आणि रविवारी रश्श्यावर त्याचे उट्टे काढणारी. इच्छा दोघांचीही खरी असते, पण ती टिकत नाही. ती टिकावी म्हणून स्वतःला बक्षीस कोणते द्यावे आणि सोडावे ते काय, याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत.

हा श्रीमंतांच्या चोचल्यांचा विषय आहे असे कुणी म्हणेल. तसे आता राहिलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के वाजवीपेक्षा जाड आहेत. आपल्या आजोबांची पिढी गिरणीत, गोदीत, शेतात, रस्त्याच्या खडीवर राबली. त्यांच्या नातवाला कचेरीची खुर्ची मिळाली, रिक्षाचे हँडल मिळाले, नाहीतर पहारेकऱ्याचे स्टूल मिळाले. अंगमेहनत गेली, पण ताट मेहनतीच्या काळाचेच राहिले. त्यात स्वस्त तेल, साखर, बिस्किटे आणि वडापाव यांची भर पडली. चाळिशीतच साखर आणि रक्तदाब घरात येतात. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात कमावता माणूस अंथरुणाला खिळला की काय होते, ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

काट्याशिवायही अंदाज घेता येतो. शिंप्याची फीत घ्यावी. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला तर भारतीय माणसासाठी ती धोक्याची खूण धरतात. मात्र अंगावरच्या सगळ्या चरबीशी लढाई पुकारण्याचे कारण नाही. वजन शंभरात पाच ते दहा भागांनी उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो उतरवले तरी पुष्कळ झाले.

राजाचे पोट

या विषयातील आम्हाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी हकिकत संयुत्त निकायात आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित एका जेवणाला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. द्रोण म्हणजे धान्याचे मोठे माप. आपल्या जुन्या माणसांनी पायलीची आठवण करावी. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला पापी म्हटले नाही की त्याच्या शरीराची थट्टा केली नाही. जो सावध राहून जेवणाचे माप ओळखतो त्याची दुखणी कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक छोटी गाथा त्यांनी सांगितली.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा. रोज शंभर कार्षापणे तुला मिळतील. सुदर्शनाने तसे केले. राजाचा आहार उतरत उतरत एका नालिकेवर आला. नालिका हे लहान माप, चिपट्या-मापट्याच्या घराण्यातले. अंग हलके झाल्यावर राजाने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि भगवंतांनी आपल्यावर दुहेरी उपकार केले असे तो म्हणाला.

धम्मपदाच्या अट्ठकथेत याच हकिकतीला एक बारीक तपशील जोडलेला आहे आणि आमच्या मते सगळी किल्ली त्यातच आहे. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नव्हती. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा म्हणायची. राजाने तो एक घास ठेवून द्यायचा. मग त्या घासात शिते किती ते पाहून दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. बस्स. उपास नाही, काढे नाहीत, एका दिवसात अर्धे जेवण बंद नाही.

ताटात नव्हे, पातेल्यात

यातला त्याग केवढा? एका घासाचा. पण तो रोजचा, आणि तो ताटातून निघून पातेल्यात गेला. आपल्या घरांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

ताटात अन्न टाकणे आपल्याला जमत नाही आणि जमू नये. ज्यांच्या आईबापांनी एका भाकरीचे चार वाटे केले, त्यांना 'पोट भरले की उरलेले टाकून द्या' हा सल्ला अंगावर येतो. मग होते असे की मुलाने अर्धी पोळी ठेवली, नवऱ्याने वाटीभर भात ठेवला, ते सगळे घरातली बाई उभ्याउभ्या संपवते. तिच्या स्वतःच्या जेवणात ते धरलेच जात नाही. 'मी तर काहीच खात नाही, तरी अंग वाढते,' असे सांगणाऱ्या अनेक भगिनी खोटे बोलत नसतात; हे उरलेले अन्न त्यांच्या हिशोबाच्या वहीत चढतच नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. आज घरातल्या घरात एका माणसाचे पोट सगळ्यांच्या उरल्यासुरल्याचे भांडे व्हावे, हेही काही बरे नव्हे.

तेव्हा कमी करायचे ते शिजवतानाच. चौघांच्या भाताला चार वाट्या तांदूळ लागत असतील तर पहिल्या आठवड्यात वरची चिमूट काढावी, नंतर अर्धी मूठ, मग मूठ. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. मूठभर तांदूळ ४० ग्रॅम धरले तर १४० उष्मांक वाचले. जागा रिकामी वाटते म्हणून तिथे डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी.

चहाचे गणितही मांडून पाहावे. कचेरीत चार आणि घरी दोन असे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे ६० ग्रॅम साखर, २४० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे चांगले असे सुचवले आहे; इथे चहानेच त्याच्या दुपटीहून अधिक मजल गाठली. चहा सोडू नये. टिकणार नाही, आणि चहा सोडलेला कारकून कचेरीत कुणाच्याच कामाचा राहत नाही! एक चमचा सोडावा. पंधरा दिवसांत जीभ सवयीची होते.

नुसत्या उपाशी राहण्याने काय होते, ते सिद्धार्थ गौतमाने स्वतःच्या देहावर पाहिले होते आणि तो मार्ग त्यांनी सोडला होता. आपण तो पुन्हा तपासून पाहण्याची गरज नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करूच नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो.

बक्षीस कशाचे?

बक्षिसाने वजन उतरते का? उतरते. २०१३ साली दुबईच्या नगरपालिकेने रमजानच्या महिन्यात योजना काढली होती: किमान दोन किलो वजन उतरवा आणि किलोमागे एक ग्रॅम सोने घ्या. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ स्थूल माणसांचे तीन गट केले होते. एका गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवायचे. ठरलेले वजन उतरले तर भर घालून परत, नाहीतर बुडाले. दुसऱ्या गटाला लॉटरीसारखे बक्षीस. तिसऱ्याला फक्त महिन्याला वजन करून घेणे. सोळा आठवड्यांनी पहिल्या गटाचे सरासरी सव्वासहा किलोंहून थोडे अधिक, दुसऱ्याचे जवळजवळ सहा किलो, आणि तिसऱ्याचे पावणेदोन किलोंच्या आसपास वजन उतरले होते. म्हणजे गमावण्याची धास्ती आणि मिळण्याची आशा, दोन्ही जवळजवळ सारखीच उपयोगी पडली. पुढचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. बक्षिसे थांबल्यावर पैसेवाल्या दोन्ही गटांचे बरेचसे वजन परत आले.

याचे कारण आम्हाला असे वाटते की बक्षीस काट्याला बांधलेले होते. काटा हा लहरी मालक आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तो भराभर खाली येतो, कारण अंगातले पाणी उतरते. नंतर तोच मंदावतो. एका दिवसात सकाळ-संध्याकाळचा फरक किलोभराचा असू शकतो. माणूस महिनाभर नीट वागला आणि काटा हलला नाही तर तो म्हणतो, मरो ते! म्हणून बक्षीस किलोला लावू नये, कामाला लावावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाललो का? पातेल्यातली मूठ रोज काढली का? हे आपल्या हातात आहे. काटा आपल्या हातात नाही.

आणि बक्षीस खाण्याचे असू नये. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. अर्धा तास भरभर चालल्याने १२० ते १५० उष्मांक खर्ची पडतात. त्या आनंदात खाल्लेला एक वडापाव सुमारे ३०० जमा करतो. खाते तोट्यात!

मग काय द्यावे? ज्याची खरोखर आस आहे आणि जे एरवी मनाला चाट देऊन पुढे ढकलतो, ते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या रांगांतून फिरताना हातात घेऊन परत ठेवलेले पुस्तक. चालण्यासाठी धड चपला किंवा बूट. सैल झालेला ब्लाऊज नाहीतर पँट शिंप्याकडून आत घेणे. हे पैसे देताना माणूस जेवढा खूश असतो तेवढा नव्या कपड्याला नसतो. एखाद्या रविवारी सहकुटुंब लेणी पाहायला जाणे तर सर्वांत चांगले, कारण कान्हेरी असो, कार्ले असो वा नाशिकची त्रिरश्मी, बक्षीस घेण्यासाठीसुद्धा चढावे लागते.

टोमणा आणि आठवण

प्रसेनजिताने बक्षीस स्वतःला दिले नाही, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. शंभर कार्षापणे आठवण करून देणाऱ्याला मिळत. राजाला टोकणे सोपे नव्हते. म्हणून त्याने स्वतः विनंती केली, वेळ ठरवून दिली, शब्द ठरवून दिले आणि त्याचा मोबदला दिला.

आपल्या घरांत याच्या नेमके उलट चालते. आठवण कुणी मागितलेली नसते. नवरा चारचौघांत बायकोला 'भोपळा' म्हणतो. नणंद लग्नाच्या मांडवात म्हणते, 'वहिनी, आता पुरे की!' त्या बाईचे त्या रात्री एक घासही कमी होत नाही. उलट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन ती जास्तच खाते. बायकोने नवऱ्याला सांगितले तर 'माझ्या कमाईचे खातो' हे उत्तर तयार असते. टोमण्याने वजन उतरत असते तर आपल्याकडे कुणी जाड उरलेच नसते. ज्याला वजन उतरवायचे आहे त्यानेच घरातला आपला सुदर्शन निवडावा. कधी बोलायचे, काय बोलायचे, हे त्याला सांगून ठेवावे. इतरांनी गप्प बसावे.

आमच्या वस्तीत रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या एका भगिनीने आपल्या पाचवीतल्या मुलीला हे काम दिले. स्टेशनबाहेरचा रोजचा वडापाव बंद केला. त्यातले पाच रुपये रात्री मुलीला आणि दहा रुपये डब्यात. मुलीने ताईगिरी करायची नाही, फक्त जेवण संपत आले की 'आई, माप' एवढे दोन शब्द म्हणायचे. विसरली तर त्या दिवसाचे पाच रुपये बुडाले. उरलेले अन्न झाकून ठेवायचे, बाईने संपवायचे नाही, हेही ठरले. चार महिन्यांत घरातला तांदूळ चार वाट्यांवरून तीनवर आला, चहातला एकेक चमचा गेला आणि ८४ किलोंचे ७९ झाले. मधल्या एका महिन्यात काटा जागचा हलला नव्हता, तरी डबा भरत होता आणि मुलीची बिदागी चालू होती, म्हणून नेम मोडला नाही. डब्यात हजाराच्या आसपास जमले तेव्हा सगळे घर कान्हेरीला जाऊन आले.

मुलीने कंपासपेटी घेतली. महागाई वाढली आहे म्हणून येत्या महिन्यापासून तिला सात रुपये हवे आहेत.