नांदणारी आणि नांदवणारा

मराठवाड्यात लेकीची खुशाली विचारायची तर 'पोरगी नीट नांदती का?' एवढंच विचारतात. नांदेडच्या बसस्थानकात विचारा की लातूरच्या गंजगोलाईत, प्रश्न तोच. 'नांदणे' हे क्रियापद बाईच्या वाट्याचं, पण 'नांदवणे' नवऱ्याच्या हातात. तो नांदवतो किंवा नांदवत नाही, आणि नांदवलं नाही की ती 'टाकलेली'. बायकोनं नवऱ्याला नांदवलं, असं बोलायची सोय व्याकरणात असली तरी व्यवहारात नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ गावात ओळखलं जातं ते 'नांदायला येण्याचा दावा' म्हणून. अशाच दाव्यात १८८७ साली मुंबईत न्यायालयानं रखमाबाईंपुढे दोनच पर्याय ठेवले होते: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

तेव्हा या कोंडमाऱ्याच्या कथेसाठी कुलूप लागत नाही. प्रश्न एवढाच, की ती सांगायची कुणी?

अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या १८९२ सालच्या 'द यलो वॉलपेपर'मध्ये डॉक्टर नवरा बायकोला विश्रांतीसाठी माडीवरच्या खोलीत ठेवतो, आणि ती त्याच्या चोरून लिहिते. रवींद्रनाथांच्या 'स्त्रीर पत्र' (१९१४) मधली मृणाल पंधरा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला पत्र लिहून परतीचा रस्ताच बंद करते. दोघींच्या हातात लेखणी आहे.

आपल्याकडे ही लेखणी फार आधी उचलली गेली होती, तीही मराठवाड्यात. वेरूळजवळच्या देवगावची संत बहिणाबाई सतराव्या शतकातली. तिसऱ्या वर्षी लग्न झालं, नवरा तिशीतला बिजवर. तिला कथाकीर्तनाचा आणि तुकोबांचा ध्यास लागला, तसा त्यानं मार दिला, बांधूनही ठेवलं. हे सगळं तिनं आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतःच्या नावानं सांगितलं आहे. ती कथा नव्हे, हे मान्य. पण पुढच्या कथाकारांना जे जमायला जड गेलं, ते तिनं करून ठेवलं होतं.

कारण १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, तेव्हा बाळूताई खरे यांना विभावरी शिरूरकर व्हावं लागलं. हे लिहिणारी कोण, यावर केवढं वादळ उठलं! पाठोपाठची 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही कादंबरी. तिच्यातली अचला नवऱ्यानं टाकलेली, तरी लग्नातून सुटका नाही. पुढे जी. ए. कुलकर्णींच्या 'कैरी' या कथेत मावशीचा छळवादी संसार दिसतो तो पोरक्या लेकराच्या डोळ्यांनी. मावशी स्वतः सांगत नाही. लेकराला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला कळतं, आणि तेवढ्यानंही जीव गुदमरतो. एकीनं टोपणनाव घेतलं, दुसरीसाठी लेकरू बोललं.

लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांनी १९७१ च्या 'पाचोळा'त तिसराच मार्ग धरला. कथाकार म्हणून घडलेल्या बोराड्यांची ही कादंबरी बेतानं छोटी आहे. गावातल्या गंगाराम शिंप्याचं घर कसं उधळलं, ते त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. प्रमाणभाषेचं पातळ नेसवून तिला शहरी वाचकापुढे आणलेलं नाही. गंगाराम खलनायक नव्हे, मानी आहे. पण घराचं काय करायचं ते त्याचा मानीपणा ठरवतो आणि निस्तरायचं पारबतीनं. तिला संकट आधी दिसतं, पण थांबवायचा अधिकार नाही. दुष्ट नवऱ्यापेक्षा असा नवरा लिहायला अवघड, असं मला वाटतं. त्याच्यावर धड रागावताही येत नाही. पुरुषानं बाईचा आवाज घेतला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी तो ऐकून पाहावा.

त्या काळात नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते. 'धार आणि काठ'मध्ये त्यांनी मराठी कादंबरीचा मागोवा घेतला. बाईला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात देणाऱ्या मनुस्मृतीचीही त्यांनी व्याख्यानांतून चिकित्सा केली. पारबतीनं मनूचं नावही ऐकलेलं नसणार, पण तिच्या घरात चालतो तो कायदा त्याचाच.

लातूरहून अंबाजोगाई लांब नाही. तिथे शैला लोहियांनी 'मनस्विनी' या संस्थेतून टाकलेल्या बायकांसाठी काम उभारलं. अशा ठिकाणी आलेल्या बाईला टोपणनाव नसतं, आणि तिच्या वतीनं बोलणारा लेखकही नसतो. 'नांदवत नाही' इथपासून ती स्वतःच सांगायला लागते.