पस्तीस की पंचेचाळीस? जुन्या शेव्हरोले पिकअपचे आठ प्लग

१९७५ साली जनरल मोटर्सने आपल्या शेव्हरोले व्ही-८ इंजिनांसाठी स्पार्क प्लगची गॅप ६० थाऊ ठरवली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा ६० थाऊ म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. त्याआधी हीच इंजिनं वर्षानुवर्षं ३५ थाऊवर, म्हणजे ०.९ मिलिमीटरवर सुखाने चालत होती. दोनएक वर्षांत कंपनीने माघार घेतली आणि आकडा ४५ वर आणला. आज अमेरिकेत कुणी हौशी माणूस सत्तरच्या दशकातली शेव्हरोले सी-१० पिकअप विकत घेतो, आठ प्लग आणतो आणि गॅप किती ठेवू म्हणून विचारतो, तेव्हा तीन जाणकार त्याला तीन उत्तरं देतात ती यामुळेच. आमच्या मिशिगनमध्ये गाड्यांच्या धंद्यात मराठी माणसं पुष्कळ, आणि त्यांतल्याही काहींना असल्या जुन्या ट्रकांचा नाद असतो. त्यांना मी एकच सांगतो: नोंदणीच्या कागदावरचं साल विसरा, बॉनेट उघडा आणि आज आत कोणतं इग्निशन बसलंय ते बघा.

पुण्या-नाशकात चेतक चालवलेल्या पिढीला प्लग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. स्कूटर आडवी करून किका मारणं, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, पुन्हा लावणं हे सगळ्यांनी केलेलं आहे. मात्र टू-स्ट्रोकच्या तेलकट प्लगची ती सवय इथे फारशी कामाची नाही. साडेतीनशे घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं हे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याचा प्लग वरचेवर घाण होत असेल, तर दोष प्लगचा नसतो.

गॅप कशासाठी? ठिणगी जितकी लांब, तितकं पेट्रोल-हवेचं मिश्रण तिच्या आवाक्यात जास्त येतं आणि पेट घेण्याची खात्री वाढते. पण लांब उडी मारायला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि सिलिंडरमधला दाब वाढला की त्यात आणखी भर पडते. म्हणूनच रिकाम्या रस्त्यावर गुणाने चालणारा ट्रक मागे ट्रेलर लावून चढ चढताना मिसिंग करू लागतो. जुन्या पॉइंटवाल्या व्यवस्थेत कॉइल साधारण वीस हजार व्होल्टपर्यंत जाते. तिला ३५ थाऊ झेपतात. ४५ केले तर सकाळी थंडीत आणि चढावर ती दमते.

मग १९७५ मध्ये कंपनीला ६० ची दुर्बुद्धी का झाली? प्रदूषणाचे नियम कडक झाले होते, मिश्रण पातळ ठेवावं लागत होतं आणि एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला होता. न पेटलेलं पेट्रोल त्यात गेलं की तो तापून खराब होतो, म्हणून एकही ठिणगी चुकून चालणार नव्हती. (ज्या ट्रकचं मालासकट मंजूर वजन सहा हजार पौंडांच्या वर, त्यांना या कन्व्हर्टरमधून सूट होती. फोर्डने त्याच साली एफ-१५० काढली ती या रेषेच्या पलीकडे राहण्यासाठी. अमेरिकेत सर्वांत नावाजलेल्या पिकअपचा जन्म असा पळवाटेतून झाला.) जनरल मोटर्सने त्या वर्षी पॉइंट काढून टाकून एचईआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं. ते पस्तीस हजार व्होल्ट सहज देतं, म्हणून गॅप ताणली. ठिणगी पडायचीही, पण प्लग झिजून गॅप आणखी वाढली की वीज सोपी वाट शोधायची: डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आतून, रोटरला भोक पाडून, नाहीतर वायरीच्या कातडीतून. ४५ थाऊ ही तडजोड टिकली, आणि ती शहाणपणाची होती.

तेव्हा आधी डिस्ट्रिब्युटर बघा. कॅप मोठी, बसकी आणि कॉइल तिच्याच डोक्यावर बसवलेली असेल तर ते एचईआय, गॅप ४५. कॅप लहान, कॉइल वेगळी आणि कॅपच्या कुशीत सरकवायची छोटी पत्र्याची खिडकी असेल तर आत पॉइंट आहेत, गॅप ३५. त्या खिडकीतून चालू इंजिनावर ॲलन की घालून पॉइंट लावता येतात. ही सोय इतकी छान आहे की ती गेल्याची हळहळ वाटते. बॉनेटखालच्या स्टिकरवर प्लगचा नंबर आणि गॅप छापलेली असते खरी. पण पन्नास वर्षांत या ट्रकांची इंजिनं बदललेली असतात, पॉइंट जाऊन एचईआय आलेलं असतं, आणि स्टिकर बिचारा जुनंच सांगत राहतो.

गॅपच्याही आधी प्लग बसणार का, हे पाहायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या इंजिनांना वॉशरवाले प्लग होते, तेरा-सोळांश इंचाच्या पान्याचे. त्यानंतर निमुळत्या बैठकीचे आले, पाच-अष्टमांश पान्याचे, वॉशरशिवाय. आटे दोन्हींचे १४ मिलिमीटरचेच, त्यामुळे चुकीचा प्लगही आत शिरतो आणि फसवतो. बैठक जुळत नसल्याने तो नीट बंद होत नाही आणि उष्णताही हेडला देत नाही. निघालेला प्लग हातात धरून नवा शेजारी ठेवा, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

आता नंबर. एसी कंपनीचा आर४५टीएस हा या इंजिनाचा नेहमीचा प्लग. आर म्हणजे आत रेझिस्टर, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. ४ म्हणजे १४ मिलिमीटर आटे. ५ म्हणजे हीट रेंज. टी म्हणजे निमुळती बैठक. एस म्हणजे थोडं पुढे आलेलं टोक. हीट रेंजबद्दल गैरसमज फार. 'गरम' प्लगची ठिणगी जास्त गरम नसते. त्याच्या चिनी मातीच्या नाकाची लांबी जास्त असते, म्हणून उष्णता हेडकडे सावकाश जाते आणि टोक तापलेलं राहतं. टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. साडेआठशेच्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आपोआप पेटू लागतं. शहरात हळूहळू फिरणाऱ्या ट्रकला एक पायरी गरम, सतत ओझं ओढणाऱ्याला एक पायरी थंड, यापलीकडे प्रयोग करू नयेत. आणि कंपनी बदलताना सांभाळा: एसी, चॅम्पियन आणि बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम होतो, एनजीके आणि डेन्सोचा वाढला की थंड.

एसी आणि चॅम्पियन ही दोन्ही नावं एकाच माणसाची. आल्बेर शाँपियाँ हा पॅरिसचा सायकलपटू, १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत जिंकलेला. तो अमेरिकेत आला, बॉस्टनमध्ये भागीदारांबरोबर चॅम्पियन नावाने धंदा सुरू केला, मग भागीदारांशी बिनसल्यावर मिशिगनच्या फ्लिंट गावी येऊन नवी कंपनी काढली. जुनं नाव भागीदारांकडे राहिलं, म्हणून नव्या प्लगांवर त्याची इंग्रजी आद्याक्षरं आली. तीच कंपनी पुढे जनरल मोटर्सची झाली. आज दुकानात ही दोन खोकी शेजारी-शेजारी असतात.

गॅप लावताना खोक्यावरच्या 'आधीच लावलेली' या शब्दांवर विसंबू नका. तोच प्लग अनेक इंजिनांना विकला जातो, शिवाय खोकं पडलं की गॅप मिटते. दुकानात गल्ल्यापाशी मिळणारी नाण्यासारखी गोल चकती मला आवडत नाही. तिची उतरती कड दोन टोकांच्या मध्ये दाबली की मापही चुकतं आणि मधल्या टोकावर जोर येतो. तारेचं गेज घ्या. नव्या प्लगला पट्टीचं फिलर गेज चालतं, पण जुन्या प्लगची वरची पट्टी आतून खोलगट झिजलेली असते. सपाट पाती त्या खळग्यावरून जाते आणि गॅप खरी असते त्याहून कमी दाखवते. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मिटवायची असेल तर प्लग लाकडावर हलकेच टेकवा, उघडायची असेल तर गेजच्या हुकाने ओढा. मधल्या टोकाचा टेकू कधीही घेऊ नका. तार किंचित घासत जावी, अडकू नये. हजार मैलांमागे गॅप साधारण अर्धा ते एक थाऊ वाढते, म्हणून ४५ ऐवजी ४३-४४ वर सोडलं तरी बिघडत नाही.

इंजिन थंड असताना, प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून, एकेक प्लग बदलावा. आठही वायरी एकदम काढल्या की गोंधळ होतो. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. यातले पाच आणि सात शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी समांतर चिकटून नेल्या तर पाचची वीज सातमध्ये अवेळी ठिणगी पाडू शकते, आणि मग नवे प्लग लावूनही इंजिन का खडखडतं ते कळत नाही. त्या दोन वायरी लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू द्या. निमुळता प्लग आधी हाताने फिरवायचा, बसला की पान्याने एका फेऱ्याच्या सोळाव्या भागाएवढाच. वॉशर नसल्याने ताकद लावली तर तो हेडमध्ये रुतून बसतो.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असतील तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटर आणि चोक बघा. पांढरे पडलेले, फोड आलेले असतील तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे. एखाददुसरा ओला तेलकट असेल आणि सकाळी सुरू करताना निळा धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. या इंजिनाचं ते जुनंच दुखणं आहे.

राहिला इरिडियमचा प्रश्न. महाग प्लग जास्त टिकतो हे खरं. जिथे प्लगपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो, अशा नव्या गाडीत त्याचे पैसे वसूल होतात. इथे बॉनेटखाली माणूस उभा राहील एवढी जागा आहे, तासाभरात काम होतं, आणि कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात काजळीने प्लग गेला तर इरिडियमचाही तसाच जातो. आठ साधे तांब्याच्या गाभ्याचे प्लग घ्या आणि वाचलेल्या पैशांत नवी कॅप, रोटर आणि चांगल्या वायरी बसवा.