मुलांच्या शैक्षणिक नियतकालिकांतील माध्यमभाषा आणि प्रतिनिधित्व : विश्लेषणाची एक दिशा

प्रस्तावना

मराठीतील शैक्षणिक नियतकालिकांची परंपरा दीर्घ आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ या मासिकाने विद्यार्थ्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचविण्याचा पाया घातला. वासुदेव गोविंद आपटे यांच्या ‘आनंद’ने (१९०६) खास मुलांसाठी वाङ्मय निर्माण केले. ‘सृष्टिज्ञान’ने १९२८ पासून मराठीत विज्ञान आणले, तर पाठ्यपुस्तक मंडळाच्या म्हणजेच ‘बालभारती’च्या वतीने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘किशोर’चा आरंभ झाला. या नियतकालिकांचा विचार बहुधा वाङ्मयीन गुणवत्ता किंवा संस्कारमूल्य या अंगांनी होतो. तथापि नियतकालिक हे एक माध्यमही असते. ते जगाविषयी माहिती देते आणि त्याच वेळी त्या जगात कोणाचे स्थान काय, हेही सुचविते. या दुसऱ्या कार्याचे विश्लेषण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिनिधित्व : संकल्पना

स्टुअर्ट हॉल यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात प्रतिनिधित्वाची संकल्पना सविस्तर मांडली. त्यांच्या मते भाषा ही वास्तवाचा केवळ आरसा नसून अर्थ भाषेच्या व्यवहारातून घडविला जातो. नॉर्मन फेअरक्लॉ यांनी संहिता, संहितेची निर्मिती व ग्रहण, आणि व्यापक सामाजिक व्यवहार अशा तीन पातळ्यांवर विश्लेषण करण्याचे सुचविले आहे. गुंथर क्रेस आणि थिओ व्हॅन लीउवेन यांनी १९९६ मध्ये चित्रांच्या वाचनासाठी दृष्टी, अंतर व कोन यांवर आधारलेली परिभाषा दिली. ही साधने उपयुक्त आहेत. परंतु ती प्रामुख्याने इंग्रजी संहितांच्या आधारे घडली आहेत. मराठीच्या व्याकरणात प्रतिनिधित्वाची जी स्वतंत्र चिन्हे आहेत, त्यांकडे लक्ष न दिल्यास विश्लेषण अपुरे राहते. पुढे अशा चार चिन्हांचा परामर्श घेतला आहे. त्यांतील उदाहरणे स्पष्टीकरणासाठी रचलेली असून ती कोणत्याही विशिष्ट अंकातील नाहीत.

१. आदरार्थी अनेकवचन

‘बाबा कचेरीतून आले’ आणि ‘आई बाजारातून आली’ ही दोन्ही वाक्ये मराठी कानाला स्वाभाविक वाटतात. वडिलांसाठी अनेकवचन आणि आईसाठी एकवचन हा घरगुती बोलीचा संकेत आहे. त्यात आईविषयीची जवळीक जशी आहे, तशी वडिलांच्या अधिकाराची मान्यताही आहे. हाच संकेत घराबाहेर गेला म्हणजे त्याचे स्वरूप बदलते. ‘डॉक्टर आले, मुख्याध्यापक आले, भाजीवाला आला, मोलकरीण आली’ या क्रमात माणसांची प्रतवारी क्रियापदाच्या प्रत्ययाने ठरते. मुलाला ती कोणी वेगळी शिकवीत नाही. म्हणूनच ती खोल रुजते.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. एकवचन म्हणजे अनादर असे समीकरण मांडता येत नाही. देवाला, आईला आणि जिवलग मित्रालाही मराठी माणूस एकवचनीच संबोधितो. त्यामुळे सुट्या वाक्यावरून निष्कर्ष काढणे अयोग्य होय. एकाच अंकात कोणत्या व्यवसायाच्या व कोणत्या वयाच्या पात्रांना आदरार्थी रूप मिळते आणि कोणाला मिळत नाही, याची तुलना केल्यावरच अर्थ स्पष्ट होतो.

२. लिंगव्यवस्था

मराठी क्रियापद लिंगानुसार बदलते. ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द स्त्री व पुरुष दोघांसाठी चालतो. पण ‘शास्त्रज्ञ म्हणाले’ की ‘म्हणाल्या’ याची निवड लेखकाला करावीच लागते. विशिष्ट व्यक्ती अभिप्रेत नसतानाही ‘म्हणाले’ हेच रूप सवयीने येत असेल, तर वाचकाच्या मनात शास्त्रज्ञाची प्रतिमा पुरुषाचीच उमटण्याचा संभव अधिक. ‘बालमित्रांनो’ या संबोधनाचेही तसेच आहे.

उलट, मराठीच्या नपुंसकलिंगात समावेशाची एक अंगभूत सोय आहे. ‘मुलगे आले’ यात मुली नाहीत. ‘मुले आली’ यात दोघेही आहेत. ‘मित्रमैत्रिणींनो’ किंवा ‘मुलांनो’ असे संबोधन वापरण्यासाठी भाषेवर कोणतीही बळजबरी करावी लागत नाही. यासोबत संवादातील भूमिकाही तपासाव्या लागतात. विज्ञानविषयक सदरात प्रश्न कोण विचारते आणि समजावून कोण सांगते, याची नोंद ठेवल्यास ज्ञानाची मालकी कोणाकडे दिली आहे हे दिसून येते.

३. ‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘ते’

‘आम्ही’ या सर्वनामात ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ मध्ये तो सामावला जातो. शैक्षणिक लेखनात ‘आपण’ विपुल असतो, कारण तो वाचकाला जवळ घेतो. परंतु ‘आपण दिवाळीत नवे कपडे घेतो, सुटीत मामाच्या गावाला जातो’ असे लिहिताना त्या ‘आपण’मध्ये कोण बसते? ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांसोबत स्थलांतर करणाऱ्या मुलाची दिवाळी अनेकदा फडावरील कोपीत जाते. तो मुलगा हा मजकूर वाचतो तेव्हा सर्वनाम त्याला आत बोलावते आणि वर्णन त्याला बाहेर ठेवते.

याच्या उलट बाजूला ‘ते’ असते. ‘आदिवासी बांधव निसर्गाच्या सान्निध्यात राहतात, ते नृत्यप्रिय असतात’ अशा रीतिवर्तमानकाळी वाक्यांतून एक समूह काळाच्या बाहेर नेऊन ठेवला जातो. वारली वा कोरकू मुलगी ही त्या मासिकाची वाचक असू शकते, ही शक्यता वाक्यरचनेतच नाकारलेली असते.

४. प्रयोग आणि बोली

‘धरण बांधण्यात आले व गावे हलविण्यात आली’ या कर्मणी रचनेत निर्णय घेणारा दिसत नाही आणि विस्थापित होणारी माणसेही ‘गावे’ या शब्दाआड जातात. शास्त्रीय कृतीच्या वर्णनात अशी रचना सोयीची असते; सामाजिक घटनांच्या वर्णनात मात्र ती जबाबदारी पुसून टाकते.

बोलीचा वापर हा असाच मुद्दा आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि खेडूत पात्राचे बोलणे बोलीत, ही रीत वास्तवदर्शी मानली जाते. तथापि बोली केवळ विनोदासाठी येते की विचार मांडण्यासाठीही, हे पाहणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने वर्गातील बहुभाषिकतेला अध्ययनाचे साधन मानले. त्या दृष्टीने बोली बोलणारे पात्र शहाणपणाचे बोलताना दिसणे याला शैक्षणिक मूल्य आहे.

चित्र आणि शब्द यांचा मेळ

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात स्त्री व पुरुष दोघेही घरकामात सहभागी असल्याची चित्रे देण्यात आली आणि त्याची व्यापक चर्चा झाली. हा बदल स्वागतार्ह होय. परंतु चित्राखालील वाक्य ‘बाबा आईला मदत करतात’ असे असेल, तर काम मूलतः आईचेच हा अर्थ कायम राहतो. ‘आईबाबा स्वयंपाक करतात’ असे म्हटल्यास चित्र आणि शब्द एका दिशेने बोलू लागतात. म्हणून दोहोंचे वाचन एकत्रितपणे करावयास हवे.

अभ्यासाची रीत

महाविद्यालयीन पातळीवर असा अभ्यास मर्यादित साधनांतही होऊ शकतो. ‘किशोर’चे जुने अंक महाजालावर विनामूल्य उपलब्ध असल्याने सामग्रीची अडचण उरलेली नाही. प्रत्येक दशकातील एका वर्षाचे १२ अंक निवडावेत. कथा, माहितीपर लेख, चरित्र व चित्र हे विश्लेषणाचे घटक मानावेत. पात्राचे लिंग, व्यवसाय, वचन, संवादातील भूमिका व भाषारूप अशी नोंद करावी. दोन अभ्यासकांनी तीच नोंद स्वतंत्रपणे करून नंतर ताडून पाहावी, म्हणजे व्यक्तिगत ग्रहांना आळा बसतो. मात्र संख्या ही सुरुवात होय. एखादे पात्र किती वेळा आले यापेक्षा ते काय ठरविते, हे महत्त्वाचे असते. जुन्या अंकांचे मूल्यमापन करताना त्यांचा काळ लक्षात घेणेही न्यायाचे ठरेल.

निष्कर्ष

मुलांच्या शैक्षणिक नियतकालिकांतील प्रतिनिधित्व केवळ विषयांच्या निवडीत नसते. ते प्रत्यय, सर्वनामे, प्रयोग आणि संबोधने यांतही असते. मराठीने त्यासाठी भेदाची साधने दिली आहेत, तशीच समावेशाचीही दिली आहेत. कोणती वापरावयाची, हा लेखक-संपादकांचा निर्णय असतो. मराठी, शिक्षणशास्त्र व वृत्तपत्रविद्या या विभागांनी हे विश्लेषण एकत्रितपणे हाती घेतल्यास भावी शिक्षकांना आणि संपादकांना आपल्याच वाक्यांकडे डोळसपणे पाहता येईल. मासिक उघडणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘आपण’ या शब्दात स्वतःची जागा सापडावी, एवढीच या अभ्यासाची अपेक्षा. ती साधी असली तरी तिचा परिणाम दूरगामी आहे.