मौन म्हणजे अबोला नव्हे

वाचकहो, मौन म्हटले की डोळ्यांपुढे डोंगरातली गुहा आणि एखादा बैरागी उभा राहतो. आपण पडलो प्रपंची माणसे. पहाटे भाजीच्या टोपल्या भरायच्या, विरारला गाडी गाठायची, संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायचा. आपल्याला मौन कसे परवडणार? पण मौनाला गुहा लागत नाही. थोडी मिनिटे पुरतात. मात्र मौन कशाला म्हणायचे, ते आधी नीट समजले पाहिजे.

दोघा भावांचे बांधावरून भांडण झाले आणि चार दिवस ते बोलले नाहीत. हा झाला अबोला. तोंड बंद, पण आत भांडण चालूच. वर्गात गुरुजींनी छडी आपटली, पोरे चिडीचूप झाली. हा झाला धाक. ओठ मिटलेले, पण छातीत धडधड. आपण होऊन बोलणे थांबवावे आणि मनालाही जरा टेकू द्यावे, त्याला मौन म्हणतात.

त्याने शरीरात काय होते? मोठा आवाज कानी पडला की शरीर सावध होते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्दी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांना निरनिराळे संगीत ऐकवले आणि मध्येच दोन मिनिटे ते थांबवले. जलद संगीताने श्वास व नाडी वाढली होती. त्या दोन मिनिटांत ती सुरुवातीपेक्षाही खाली आली. प्रयोग लहान आहे, पण बोध घेण्याजोगा आहे.

वाणी आवरण्याची शिकवण आपल्या वसई भागाला परकी नाही. सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला. त्यावरून चौदा लेखांची सगळी मालिका इथे असावी, असे विद्वान मानतात. याच मालिकेतला बारावा लेख गिरनारला आहे. वाणीवर संयम ठेवा, उगाच आपल्या पंथाची बढाई आणि दुसऱ्याची निंदा करू नका, असा त्याचा आशय आहे. अलीकडच्या काळात गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. जरूर ते कागदावर लिहून देत. काम अडत नसे.

तेव्हा शिक्षकहो, मधल्या सुट्टीनंतर दोन मिनिटे वर्गासह आपणही शांत बसा. मुलांना म्हणा, "लांबचे आवाज ऐका." माडाच्या झावळ्या, कावळा, दूरची लोकल. कोणी हसले तर रागावू नका. चार दिवसांत ती सवय होते. घरी जेवणाआधी टीव्ही, मोबाईल बंद करून हेच करून बघा.

एक मात्र सांभाळा. ज्याच्या मनावर मोठे दुःख आहे, त्याला एकटे गप्प बसवू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या. गरज पडल्यास डॉक्टरकडे न्या. तिथे मौन आपण पाळायचे, ऐकण्यासाठी.