एका इंजिनाचा करार : आंतरराष्ट्रीय संबंधांचा पदव्युत्तर अभ्यास

पदवीला वास्तववाद, उदारमतवाद यांच्या व्याख्या नीट लिहिल्या की गुण मिळतात. एम.ए.ला प्रश्न उलट बाजूने येतो : घटना समोर ठेवली जाते आणि कोणता सिद्धांत तिचा किती भाग उलगडतो, हे विचारले जाते. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इस्रोचे एक प्रकरण या सरावासाठी फार उपयोगी आहे.

१९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारी इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. वर्षअखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही. मे १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा (एमटीसीआर) आधार घेऊन दोन्ही संस्थांवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. तयार इंजिने मात्र दिली.

दुबळा रशिया बलवान अमेरिकेपुढे झुकला, असे वास्तववादी म्हणेल. खरे आहे, पण अपुरे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रशियाला अवकाश स्थानकातील भागीदारी आणि व्यापारी उपग्रह-प्रक्षेपणाच्या बाजारात प्रवेश देणारे करार अमेरिकेशी झाले. म्हणजे नुसती शरणागती नव्हती, सौदाही होता. शिवाय द्रव हायड्रोजन सुमारे उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. असे इंधन भरून क्षेपणास्त्र सज्ज ठेवणे जवळजवळ अव्यवहार्य. (राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे तापमान कशाला, असे वाटेल. पण त्याशिवाय अमेरिकेच्या आक्षेपाचे वजन करता येत नाही.) मग खरा हेतू बाजारातला स्पर्धक रोखण्याचा होता का? भारतात हे मत लोकप्रिय आहे. लोकप्रिय असल्यामुळेच त्याला पुरावा मागावा : निर्बंधांचा मूळ आदेश, संसदेतील चर्चा, कराराची कलमे. वर्तमानपत्रातील अग्रलेख हा येथे पुरावा नव्हे.

पुढे जानेवारी २०१४ मध्ये भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे उड्डाण यशस्वी झाले. जून २०१६ मध्ये भारत एमटीसीआरचा सदस्य झाला. ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रो यांचा संयुक्त उपग्रह ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीनेच कक्षेत गेला, आणि त्या रॉकेटचा वरचा टप्पा स्वदेशी क्रायोजेनिक होता.

इंजिनाचा प्रकार तोच. बदलले ते त्याच्याकडे पाहणे. हा बदल चीनच्या वाढत्या सामर्थ्यामुळे झाला, नियमव्यवस्थेत भारताला जागा मिळाल्यामुळे, की ‘जबाबदार देश’ ही ओळख प्रस्थापित झाल्यामुळे? तिन्ही उत्तरे लिहून पाहावीत आणि प्रत्येकापुढे, कोणता कागद हाती आला तर ते उत्तर सोडून द्यावे लागेल, हेही लिहावे.